भावाने लपवलेला गल्ला आणि कधीच न ठरलेला पगार

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. कुटुंबाची तीन हॉटेलं, त्यातल्या एकाला परमिट रूम. फर्म नोंदणीकृत. भागीदार तिघं: बाबा ४० टक्के, दादा ३५, तुम्ही २५. बाबांना जाऊन चौदा महिने झाले, मृत्युपत्र नाही. गल्ला, बँक आणि खरेदी पहिल्यापासून दादाकडे. तुम्ही शिक्षण संपवून सहा वर्षांपूर्वी आलात. नवी शाखा आणि ॲपवरच्या ऑर्डरी तुम्ही बघता. गेल्या महिन्यात दोन गोष्टी कळल्या. किराणा-मसाला पुरवणारी एजन्सी वहिनींच्या भावाची आहे, आणि हॉटेलच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज वहिनींच्या नावाने झाला आहे. दादाला विचारलं तर "तुला धंद्यातलं काय कळतं" म्हणून तो उठून गेला. आई म्हणते घरातलं घरात ठेव. ताईने लग्नानंतर हक्कसोडपत्र करून दिलंय, असं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंय; त्या ओळीकडे मी नंतर येणार आहे. आणि तुमचा प्रश्न असा: इन्कम टॅक्सला कळवू, वकिलाची नोटीस पाठवू, की गप्प बसू?

मी सीए आहे. घरगुती भागीदारीच्या फर्म्स, त्यातही हॉटेलवाले, हे माझं बरंचसं काम. तुम्ही दिलेल्या तिन्ही पर्यायांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे दादा चोर आहे हे ठरलंय आणि आता फक्त शिक्षा ठरायची आहे. तुमच्याकडे आज दोन संशय आहेत, हिशेब एकही नाही. तो आधी हातात यायला हवा. अर्थात मी इथे जे सांगते त्यातलं निम्मं तुमच्या भागीदारी डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारपत्रात, काय लिहिलंय यावर अवलंबून आहे आणि ते डीड मी पाहिलेलं नाही. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, तुम्हीही पाहिलेलं नाही.

पण एक काम डीडसाठी थांबू शकत नाही. ट्रेडमार्कचा अर्ज कुठवर आलाय ते आजच बघा. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतं; खाद्यसेवेचा वर्ग ४३, तिथे हॉटेलचं नाव टाका. अर्ज त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला असेल तर विरोध नोंदवायला प्रसिद्धीच्या तारखेपासून चार महिने मिळतात. ते उलटले आणि नोंदणी झाली तर रद्द करून घेण्याचा मार्ग उरतो, पण तो लांबचा आणि खर्चाचा. तुमची बाजू कच्ची नाही. नाव इतकी वर्षं फर्मने वापरलंय, फर्मचा नावलौकिक ही फर्मचीच मालमत्ता, आणि वहिनी भागीदारही नाहीत. जुनी बिलं, मेन्यूकार्डं, पाटीचे फोटो, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, जे सापडेल ते आत्ताच गोळा करून ठेवा. आणि विरोध नोंदवायची वेळ आली तर दादाला आधी सांगून नोंदवा: "मुदत संपतेय म्हणून फर्मच्या वतीने करतोय, तुझ्याविरुद्ध नाही." कदाचित तो म्हणेल, कन्सल्टंटने एका व्यक्तीच्या नावाने लवकर होतं असं सांगितलं म्हणून केलं. असं खरोखर घडतं, मी पाहिलंय. मग अर्ज फर्मच्या नावावर करून देणं ही त्याच्या मनाची सर्वांत सोपी परीक्षा ठरेल.

आता डीड. दादाकडे मागू नका, निदान आधी नको. भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडचं रजिस्टर फी भरून कुणालाही पाहता येतं आणि दाखल कागदांच्या प्रती घेता येतात. तिथे तीन गोष्टी तपासा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही भागीदार झालात तेव्हा तो बदल कळवला होता का? रजिस्टरवर भागीदार म्हणून तुमचं नाव नसेल तर करारातून येणारे हक्क दाव्याने मागताना अडचण येते. फर्म विसर्जित करा किंवा विसर्जित फर्मचा हिशेब द्या, एवढ्यापुरती कायद्यात सूट आहे. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तीही जवळजवळ काढून घेतली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. दुसरी गोष्ट, बाबा गेल्यावर नवं डीड दाखल झालंय का? "बँकेला लागतंय" म्हणून गेल्या वर्षभरात तुम्ही काही सह्या केल्यात का, हे नीट आठवा. मी पाहिलेल्या घरांत टक्केवारी बदलते ती बहुधा अशाच सह्यांत. तिसरी गोष्ट, एखादा भागीदार वारला तरी फर्म चालू राहील असं कलम जुन्या डीडमध्ये आहे का? ते नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्म बाबा गेले त्याच दिवशी विसर्जित झाली. विसर्जित फर्मचा हिशेब आणि नफ्यातला वाटा मागायला मुदत तीन वर्षांची असते. त्यातले चौदा महिने गेले.

कागदांचा हा फेरा चालू असतानाच बघून घ्या की कोणती गोष्ट कुणाच्या नावावर आहे. हॉटेल म्हणजे जागा, परवाने, नाव आणि हातचव. जागा भाड्याची किंवा पागडीची असेल तर पावती कुणाच्या नावाने फाटते? परमिट रूमचा एफएल-३ परवाना फर्मचा की बाबांच्या एकट्याच्या नावाचा? त्यात नाव घालायला किंवा काढायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. तुम्ही भाऊ-भाऊ आपसात काहीही ठरवा, खात्याच्या लेखी परवान्यावर नाव असेल तोच धनी. अन्न परवाना वैयक्तिक नावावर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर वारसांना कायदा तीन महिन्यांची मुभा देतो, ती केव्हाच संपली. यातलं एखादं कलम दाखवून कुणी बाहेरचा माणूस हॉटेल बंद पाडू शकतो, आणि भावाभावांचं वाजलं की असे बाहेरचे कुठूनतरी उगवतातच.

मग हिशेब. भागीदार म्हणून फर्मची कुठलीही वही पाहण्याचा, तपासण्याचा आणि तिची नक्कल घेण्याचा हक्क तुम्हाला भागीदारी कायद्याच्या कलम १२ ने दिलेला आहे. दादा व्यवस्थापन बघतो म्हणून तो हक्क कमी होत नाही. पण दादाच्या कपाटातली लाल चोपडी मिळवायच्या मागे लागू नका. तिच्यात काय लिहायचं हे तिचा मालक ठरवतो. तिच्यापेक्षा बोलके कागद बाहेर पडलेले असतात.

उदाहरणार्थ काउंटरवरचा क्यूआर. तिन्ही शाखांत जाऊन चहा प्या आणि यूपीआयने पैसे द्या. पैसे कुणाच्या नावाने जमा झाले ते तुमच्याच फोनवर दिसेल. मुख्य काउंटरला फर्मचा क्यूआर आणि पार्सलच्या खिडकीला भलत्याचाच, हा प्रकार इतका सर्रास आहे की कुठल्याही हॉटेलचं काम घेतलं की मी आधी तेच बघते. ॲपवरच्या ऑर्डरींचा हिशेब तर तुमच्याच हातात आहे. १ जानेवारी २०२२ पासून त्या विक्रीवरचा जीएसटी ॲपवालेच भरतात, म्हणजे तो आकडा तुमच्या घराबाहेर, कुणालाही न बदलता येणारा, नोंदलेला असतो. त्यावरून नव्या शाखेत शंभर रुपयांच्या विक्रीमागे किती माल लागतो ते काढा. आणि इतर दोन शाखांत दाखवलेल्या विक्रीशी दाखवलेली खरेदी ताडून पाहा. माझ्या पाहण्यातल्या साध्या हॉटेलांत कच्चा माल विक्रीच्या ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास बसतो. एका शाखेत ३३ आणि शेजारच्या शाखेत तोच मेन्यू, तोच वस्ताद (मुख्य आचारी) असताना ४४ येत असेल, तर एक तर विक्री लपतेय किंवा खरेदी फुगतेय. कोणतं, ते गॅस सांगतो. १९ किलोचे सिलिंडर महिन्याला किती लागले? सिलिंडर वाढलेत आणि विक्री तेवढीच, तर माल शिजलाय पण बिल फाटलेलं नाही. सिलिंडर तेवढेच आणि माल जास्त, तर तो माल किचनमध्ये आलेलाच नाही किंवा चढ्या भावाने आलाय. केओटीचे, म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डर-चिठ्ठ्यांचे, क्रमांक आणि बिलांचे क्रमांक जुळतात का, हे शेवटी बघा, कारण ते जुळवून ठेवणं सगळ्यांना जमतं.

मेहुण्याच्या एजन्सीबद्दल एक धंद्याची गोष्ट सांगते. बहुतेक हॉटेलं नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी भरतात आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. त्यामुळे पुरवठादाराचं बिल बरोबर आहे की नाही याची निकड हॉटेलच्या बाजूने कुणालाच उरत नाही आणि खरेदी ही लपवालपवीची आवडती जागा होऊन बसते. तरीही नातेवाइकाची एजन्सी हा आपोआप गुन्हा नाही. भाव बाजाराइतका, माल चांगला आणि उधारी जास्त दिवसांची असेल तर तो फर्मचा फायदाच. वर्षभरातले दहा मुख्य जिन्नस घ्या, त्या-त्या महिन्यातले घाऊक बाजाराचे भाव घ्या, शेजारी शेजारी लिहा. फरक दोन-तीन टक्के असेल तर विषय सोडा. पंधरा असेल आणि तो पैसा फिरून दादाकडे येत असेल, तर कलम १६ प्रमाणे फर्मच्या व्यवहारातून भागीदाराने स्वतःसाठी काढलेला नफा त्याने फर्मला परत द्यायचा असतो. "घ्यायचा तर घे हिस्सा" असं नाही, परत.

हे करताना वस्ताद, कॅप्टन, जुना मॅनेजर यांना हेर करू नका. त्यांना सगळं माहीत असतं, म्हणूनच नको. आज त्यांनी तुम्हाला काही सांगितलं की उद्यापासून किचनमध्ये "मोठ्या मालकांची माणसं" आणि "धाकट्यांची माणसं" अशा दोन रांगा पडतात. मालकांचं भांडण वर्षभर चालतं. वस्तादाला तिसऱ्या महिन्यात समोरच्या हॉटेलातून बोलावणं येतं, आणि मग वाटून घ्यायला जे उरतं ते खुर्च्या-टेबलं.

इन्कम टॅक्सला का कळवू नये, हे आता सोपं जाईल. लपवलेली विक्री फर्मची आहे. कर, व्याज, दंड फर्मला लागतो आणि त्याची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही येते, जीएसटीचंही तसंच. म्हणजे दादाने भरलं नाही तर खातं सगळी रक्कम तुमच्याकडून मागू शकतं, २५ टक्के म्हणून २५ पैसे नाही. शिवाय ही तक्रार उद्या समेट झाला म्हणून मागे घेता येत नाही. कळवण्याची नुसती धमकीही देऊ नका, विशेषतः व्हॉट्सॲपवर. ती आधी दादाच्या वकिलाला दिसेल. आधीच्या वर्षांत खरोखर विक्री दडवली गेली असेल तर ती फर्मनेच, दोघांनी मिळून, सल्लागाराच्या मदतीने दुरुस्त करायची असते. आणि पुढच्या विवरणपत्रावर आकडे पाहिल्याशिवाय सही करू नका, कारण तिथून पुढे "मला माहीत नव्हतं" हे चालणार नाही.

आता ती ताईची ओळ. तुमच्या लिहिण्यात बाबांचे ४० टक्के दोघा भावांत येणार असं सहज आलंय. मृत्युपत्र नाही म्हणता, कुटुंब हिंदू वारसा कायद्याखाली येत असेल, तर बाबांचा हिस्सा आई, दादा, तुम्ही आणि ताई अशा चौघांत सारखा जातो. म्हणजे ४० मधले आईचे १० आणि ताईचे १०. वारस आपोआप भागीदार होत नाहीत, पण हिश्शाची किंमत त्यांची असते. ताईचं हक्कसोडपत्र कशाचं आहे ते काढून वाचा. बाबा हयात असताना घेतलेलं असेल तर पुढे मिळणाऱ्या वारशाचा हक्क असा आगाऊ सोडता येतो का, हा मुळातच वादाचा मुद्दा आहे. नंतरचं असेल तर ते बहुधा घराचं किंवा जमिनीचं असेल. त्यात फर्ममधल्या हिश्शाचा शब्द नसेल तर तो हक्क सुटलेला नाही. आणि बाबांचा हिशेब चुकता न करता तुम्ही दोघं भाऊ धंदा चालवताय, म्हणून कलम ३७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, वारस त्या हिश्शावर मिळालेल्या नफ्याचा वाटा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज यांपैकी हवं ते निवडू शकतात. हे देणं दादाचं आहे तितकंच तुमचंही. दादाकडे पारदर्शकता मागायला जाण्याआधी ताईला हे तुम्ही स्वतः सांगितलेलं बरं. वडिलांच्या पश्चात बहिणीचा हिस्सा गिळून बसलेले दोन भाऊ एकमेकांना चोर म्हणतात, तेव्हा लवादसुद्धा मनातल्या मनात हसतो.

माझ्या अनुभवात हॉटेलवाल्या घरांतल्या चोरट्या व्यवहारांचं मूळ फार वेळा एकच निघतं: कामाचा पगार कधी ठरलेलाच नसतो. दादाकडून बघा. पहाटे बाजार, दुपारी बँक, रात्री गल्ला मिटवून बाराला घरी. तुम्ही कॉलेजात होता ती सगळी वर्षं तो हे करत होता. नफा मात्र टक्केवारीने वाटायचा, आणि भागीदारी कायदा म्हणतो की वेगळं ठरलं नसेल तर भागीदाराला काम केल्याचा मोबदला मिळत नाही. बाबा होते तोवर ते अधूनमधून "हे ठेव तुझ्याकडे" म्हणून भरपाई करत असतील. बाबा गेल्यावर ती भरपाई दादाने स्वतःच सुरू केली. पहिल्यांदा पार्सलचा गल्ला, मग मेहुण्याची एजन्सी, मग नाव. प्रत्येक पायरीवर त्याच्या मनाने तो हक्काचंच घेत होता, पण विचारलं असतं तर "नाही" ऐकावं लागेल म्हणून त्याने विचारलं नाही. याने त्याचं वागणं बरोबर ठरत नाही. पण बोलणी कुठून सुरू करायची ते यातून कळतं. तुमच्या बाबतीत हे खरं असेलच असं नाही. काही दादा निव्वळ लोभी असतात, आणि आकड्यांवरून ते दिसतं: गेलेली रक्कम एखाद्या कष्टाळू मॅनेजरच्या पगाराएवढी असेल तर माझं म्हणणं लागू, तिच्या पाचपट असेल तर नाही.

म्हणून कागद हातात आल्यावर पहिल्या बैठकीत गेल्या वर्षांचा विषय काढू नका. पुढचं बोला: अमुक कामाला महिना अमुक पगार, तुलाही, मलाही, बाहेरचा माणूस ठेवला असता तर दिला असता तेवढा. डीडमध्ये तो लिहायचा. डीडमध्ये असेल तर ठराविक मर्यादेत तो फर्मला करातही वजा मिळतो. पगारानंतर जे उरेल ते टक्क्याने. सगळे क्यूआर फर्मच्या खात्याचे. ठराविक रकमेवरच्या चेकवर दोघांच्या सह्या. नातेवाइकाकडून खरेदी असेल तर दर तिमाहीला आणखी दोन कोटेशनं. यावर "हो" आलं की मागचं बोलणं निम्म्या आवाजात होतं. बैठकीला मामा, काका नकोत. त्यांची जुनी बाजू ठरलेली असते. फर्मचा सीएही नको. आमच्या व्यवसायावर मीच हे म्हणते आहे, पण फर्मचा सीए कागदावर सगळ्यांचा असला तरी वर्षानुवर्षं ज्याचा फोन येतो त्याच्याच नजरेने तो आकडे बघायला लागतो. दोघांनी मिळून तिसरा नेमा.

दादा बैठकीलाच आला नाही तर मग नोटीस, आणि त्याआधी डीडमध्ये लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादाने सोडवायचा असं, कलम आहे का ते बघा. असेल तर तिथेच जायचं. "यात फसवणूक आहे, म्हणून कोर्टच हवं" हा युक्तिवाद तुमचा वकील सुचवेल. २०१६ मध्ये तिरुनेलवेलीच्या एका हॉटेलचे भागीदार भाऊ याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आरोप अगदी ओळखीचे: रोजचा गल्ला बँकेत भरला नाही, फर्मचा चेक मुलाला दिला. न्यायालयाने सांगितलं की हिशेबातल्या अशा आरोपांमुळे लवाद टळत नाही. एका अर्थी बरंच. लवादातलं भांडण निदान गिऱ्हाइकाच्या कानावर जात नाही.

वेगळंच व्हायचं ठरलं तर तीन शाखा नुसत्या मोजून वाटणं हा भ्रम आहे, कारण परमिटवाली एक शाखा कदाचित उरलेल्या दोघींना पुरून उरेल. एकाने वाटण्या करायच्या, दुसऱ्याने आधी उचलायचं, ही जुनी रीत इथे चांगली चालते. खरं त्रांगडं नावाचं. हल्दीराम कुटुंबाची भागीदारी १९७४ मध्ये विसर्जित झाली तेव्हा नावाचा हक्क प्रदेशानुसार वाटला गेला. पुढे कोलकात्याच्या शाखेकडच्या मंडळींनी दिल्लीत त्याच नावाने दुकान काढलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यातला एक मुद्दा २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तेव्हा नकाशा तरी होता. आज एकाच ॲपवर दोन्ही भावांची हॉटेलं एकाखाली एक दिसतात. म्हणून नाव कोण, कोणत्या जोडशब्दासह, कोणत्या शहरात, ॲपवर कसं आणि पुढे फ्रँचायझी देताना कुणाला विचारून वापरणार, हे हस्तांतराच्या कागदात लिहिलेलं असू द्या. लिहायला एक पान जास्त लागेल.

आईला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नात ती तीनदा आली आहे. आतापर्यंत तिला दोघांनी पंच करून ठेवलंय. तीही हिस्सेदार आहे. पहिल्या बैठकीला तिला बोलवा ते रडून दोघांना गप्प करायला नको. तिच्या १० टक्क्यांचं काय करायचंय, दरमहा रक्कम हवी की ठेव, हे तिलाच विचारा. ताईलाही त्याच बैठकीत बसवा. तुमच्या एकट्यापुढून दादा उठून गेला. आई हिशेब विचारत असताना त्याला उठणं जड जाईल.